घर सोडल्यानंतरचे दिवस

रात्रपाळीला कॅज्युअल्टीत एक बाई आली होती. तिशीची असेल. कडेवर झोपलेली चार वर्षांची मुलगी. तक्रार एवढीच, की आवाज बसलाय आणि गिळताना दुखतंय. मी टॉर्च लावून घसा पाहिला, जरा लालसर वाटला. मानेवर बाहेरून काही दिसत नव्हतं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या, गोळ्या लिहिल्या आणि केसपेपरवर नोंद केली, ‘घसादुखी, एक दिवस’. ती दारापर्यंत गेली आणि परत आली. ‘‘डॉक्टर, यावर तारीख नीट उमटलीय ना?’’ कामावर दाखवायला हवी असेल, असं मला वाटलं.

चार महिन्यांनी तीच बाई मनगटाचं हाड मोडून आली. या वेळी सोबत तिचा भाऊ होता. नवऱ्याचं घर सोडून तीन आठवडे झाले होते. नवरा मुलीच्या बालवाडीबाहेर येऊन उभा राहिला होता, मुलीला ओढून नेताना झटापट झाली आणि ही पायरीवरून ढकलली गेली. प्लास्टर घालताना ती म्हणाली, ‘‘त्या रात्री त्याने गळा दाबला होता. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं.’’ त्या रात्रीचा तिच्याकडे असलेला एकमेव कागद माझा होता. त्यावर तारीख स्वच्छ होती. बाकी काही नव्हतं.

मारहाण करणाऱ्या नवऱ्याचं घर बाईने सोडलं, की आपल्याला वाटतं, सुटली बिचारी. नातेवाईक, शेजारी, डॉक्टर, सगळ्यांनाच. प्रत्यक्षात धोका तिथून वाढतो. अमेरिकेतल्या परिचारिका-संशोधक जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा शहरांतल्या, जोडीदाराकडून खून झालेल्या स्त्रियांच्या प्रकरणांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. अतिशय ताबा गाजवणारा जोडीदार आणि त्याच्यापासून वेगळं होणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की खुनाचा धोका नऊपट झालेला त्यांना दिसला. तिकडे घरोघरी बंदुका, आपल्याकडे तसं नाही. त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा इथे लावू नये. कारण मात्र दोन्हीकडे सारखंच आहे. मारहाण हा रागाचा झटका क्वचितच असतो, बऱ्याचदा ती ताब्यात ठेवण्याची पद्धत असते. बाई घराबाहेर पडते तेव्हा तो ताबा सुटतो आणि तो परत मिळवण्यासाठी माणूस कुठल्याही थराला जाऊ शकतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के. म्हणजे जी बाई बाहेर पडते ती आधीच फार मोठा पल्ला चालून आलेली असते. तिला ‘आता कोर्टात जा’ एवढंच सांगून भागत नाही. कोर्टाची प्रत्येक पायरी त्या माणसाला पुन्हा तिच्यासमोर आणून उभी करते. नोटीस गेली की तो चिडतो, तारखेला तो समोर येतो, समझोत्याच्या बैठकीत शेजारी बसतो, मुलाच्या भेटीला दारात येतो. म्हणून कायद्याचं वेळापत्रक आणि सुरक्षिततेचं वेळापत्रक वेगवेगळं ठेवून चालत नाही.

आधी गळ्याबद्दल, कारण तिथे मी चुकले. गळा दाबला जातो तेव्हा मेंदूकडे जाणारं आणि मेंदूकडून परत येणारं रक्त अडतं. दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपू शकते. पण बाहेरून खुणा दिसतीलच असं नाही. अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात गळा दाबल्याच्या पोलिसांकडे आलेल्या ३०० प्रकरणांची छाननी झाली, तेव्हा निम्म्या स्त्रियांच्या मानेवर दिसेल अशी कुठलीच जखम नव्हती. खुणा असतात त्या इतरत्र. आवाज घोगरा होतो, गिळताना त्रास होतो, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात किंवा पापण्यांच्या आत बारीक लाल ठिपके येतात, त्या वेळी कपड्यात लघवी झालेली असते (हे कुणी आपणहून सांगत नाही), मधल्या काही क्षणांचं काही आठवत नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली, तर काही दिवसांनी अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो, तोही तिशीच्या बाईला. म्हणून गळा दाबल्यानंतर डोकेदुखी, मानदुखी, चक्कर, बोलताना अडखळणं, यातलं काहीही असेल तर ‘होईल बरं’ म्हणत घरी थांबायचं नाही. मोठ्या रुग्णालयात जायचं आणि गळा दाबला होता हे शब्द उच्चारायचे. मानेच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन लागतो की नाही, हे डॉक्टर मग ठरवतील.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. ज्या स्त्रीचा जोडीदाराने आधी गळा दाबलेला आहे, तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सुमारे सातपट असल्याचं २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. थप्पड आणि गळा दाबणं यांना आपण एकाच ‘मारहाण’ या शब्दात कोंबतो. धोका मोजताना ते एका तराजूत बसत नाहीत.

आता कागदाबद्दल. मारहाणीनंतर रुग्णालयात गेल्यावर जे घडलं ते जसंच्या तसं सांगावं आणि ते केसपेपरवर लिहिलं जातंय ना, ते पाहावं. ‘पडल्यामुळे इजा’ आणि ‘नवऱ्याने डोकं भिंतीवर आपटलं’ या दोन नोंदींत कोर्टाच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे. कुणी, कधी, कुठे, कशाने, शरीरावर कुठे किती इजा, एवढं यायला हवं. एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल नोंद, झाली तर तिचा क्रमांक मागून घ्यावा. सोबत सासू किंवा नवरा असेल तर ‘मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचंय’ म्हणायला संकोच करू नये. खरं म्हणजे हे डॉक्टरांनीच सुचवायला हवं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार पीडित स्त्रीसाठी उपचारांची विनंती आली तर ते देणं वैद्यकीय सुविधेवर बंधनकारक आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ हे समुपदेशन केंद्र सुरू केलं, त्याला आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला. पुढे शहरातल्या इतर पालिका रुग्णालयांतही ते पोचलं. त्यामागचा विचार साधा होता: पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई डॉक्टरकडे मात्र येतेच.

स्वतःचीही एक वही असावी. तारीख, वेळ, काय झालं, तो काय बोलला, कोण हजर होतं. भीतीखाली घडलेल्या गोष्टी मेंदू सलग साठवत नाही, तुकड्यांत साठवतो. वर्षभराने उलटतपासणीत ‘आधी थप्पड की आधी ढकललं?’ असं विचारलं की बाई गोंधळते आणि गोंधळली म्हणजे खोटं बोलते असा अर्थ निघतो. त्या त्या दिवशी लिहिलेल्या चार ओळी तेव्हा कामाला येतात. वही मात्र त्या घरात ठेवायची नाही.

कायद्याकडे वळते. हा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो नवऱ्यापुरता नाही. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेल्या स्त्रीला, आईला, बहिणीलाही तो लागू होतो, आणि शारीरिक हिंसेबरोबर लैंगिक, मानसिक आणि आर्थिक छळही त्यात धरला आहे. याखालच्या नियमांना जोडलेले काही नमुने आहेत. पहिल्या नमुन्यातला घटना अहवाल वकिलांना पाठ असतो. पाचवा नमुना फारसा कुणी उघडत नाही. त्याचं नावच ‘सुरक्षा आराखडा’ आहे. नवऱ्याने काय काय केलं, त्याचे परिणाम काय झाले, बाईला पुढे कशाची भीती वाटते, त्यासाठी काय उपाय हवेत आणि कोर्टाकडे कोणता आदेश मागायचा, असे त्यात रकाने आहेत. गळा दाबण्याचा प्रयत्न ही त्यात वेगळी नोंद आहे. मुलांना मारणं, मूल पळवण्याची धमकी, त्याने स्वतः आत्महत्येची धमकी देणं, हेही स्वतंत्र आहे. हा आराखडा बाईच्या सल्ल्याने आणि संमतीने तयार करायचा, असं नियम सांगतात. संरक्षण अधिकाऱ्याकडे गेलात तर तो नावाने मागा. मी ज्या बाईबद्दल लिहितेय तिच्या वकिलांनाही तो शोधून काढावा लागला होता.

संरक्षण आदेशात काय मागता येतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. तिच्या कामाच्या ठिकाणी, ती नेहमी जाते त्या जागी त्याने यायचं नाही. मुलाच्या शाळेबद्दलही असा मनाई आदेश मिळू शकतो. फोन, मेसेज, ईमेल, कुठल्याही मार्गाने संपर्क करायचा नाही. बँकेचं लॉकर आणि खाती परस्पर हाताळायची नाहीत. आणि तिला मदत करणाऱ्या माणसांवर, म्हणजे भाऊ, मैत्रीण, शेजारीण यांच्यावरही हिंसा करायची नाही. हे शेवटचं अनेकांना माहीत नसतं. ‘माझ्यामुळे दादाच्या घराला त्रास’ या विचाराने बाया परत जातात. कायद्याने दादालाही त्यात धरलेलं आहे. दंडाधिकारी परिस्थिती पाहून दुसऱ्या बाजूला न ऐकताही अंतरिम आदेश देऊ शकतात. संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. तारखांचा ज्यांना अनुभव आहे ते इथे हसतील, आणि हसणं बरोबरच आहे. म्हणूनच अंतरिम आदेशाचा अर्ज मूळ अर्जासोबतच द्यायचा असतो. पोटगीचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या २०२० च्या निकालात सांगितलं, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही बाजूंनी उत्पन्न व मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं. तेव्हा ‘बघू, थोडं शांत होऊ दे’ म्हणत अर्ज लांबवला तर तेवढे महिने हातातून जातात. कोणत्या गावात अर्ज करायचा? ती तात्पुरती राहते तिथेही चालतो. माहेर साताऱ्यात आणि सासर ठाण्यात असेल, तर प्रत्येक तारखेला ठाण्याची एसटी पकडायची गरज नाही. क्रूरतेबद्दलचा फौजदारी गुन्हाही (पूर्वीचं ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) ती आसऱ्याला गेली तिथे नोंदवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आणि घर सोडलं म्हणजे घरावरचा हक्क सोडला असं होत नाही. सामायिक घरात राहण्याचा हक्क, ते नसेल तर वेगळ्या घराचं भाडं, स्त्रीधन परत मिळणं, हे सगळं मागता येतं. कपडे, दागिने, कागद आणायला मात्र एकटीने जायचं नाही. पोलिसांची सोबत द्या, असा आदेश कोर्ट देऊ शकतं.

आपल्या समाजाची एक खोड आहे. चार जाणती माणसं बसवून ‘एकदा शेवटचं बोलून घ्या’ म्हणतात. हेतू वाईट नसतो. पण सर्वांत घातक भेटींपैकी ही एक असते, विशेषतः त्याच्या घरी, त्याच्या माणसांत, संध्याकाळी. बोलायचंच असेल तर वकिलाच्या किंवा समुपदेशकाच्या कार्यालयात, दिवसा, आणि ती नको म्हणाली तर नाहीच. कुटुंब न्यायालयात समेटाचा प्रयत्न हा कामकाजाचाच भाग असतो, तिथेही दोघांना वेगवेगळं बसवा अशी विनंती करता येते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली समुपदेशन होतं तेव्हा ‘तिने असं केलं म्हणून मी मारलं’ हे समर्थन त्याला मांडू द्यायचं नाही, असं नियमांतच आहे. कुणी ते मांडू दिलं तर बाईने किंवा तिच्या वकिलाने नियमाची आठवण करून द्यावी.

तिचा पत्ता कसा फुटतो, हा विचार कोर्टाइतकाच महत्त्वाचा. निवारागृहात राहत असेल आणि तिची इच्छा असेल, तर निवारागृहाने तिची माहिती त्याला देता कामा नये. पण अलीकडे पत्ता सांगायला माणूस लागत नाही. गुगलचं खातं त्याच्या फोनवर उघडं असतं, व्हॉट्सअॅप ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये त्याच्या लॅपटॉपला जोडलेलं असतं, मुलीच्या टॅबवर लोकेशन चालू असतं. गाडीचा फास्टॅग त्याच्या मोबाइलला जोडलेला असेल, तर कुठला टोल कधी ओलांडला हे त्याला मेसेजने कळतं. आधारला त्याचाच नंबर असेल तर तिचा ओटीपी त्याच्याकडे जातो. हे सगळं एका रात्रीत बंद करू नये, त्याला सुगावा लागतो. आधी एक वेगळा साधा फोन, नवं सिम, नवा ईमेल. आधारचा नंबर बदलून घेणं. बँकेत फक्त स्वतःच्या नावाचं खातं. धमक्यांचे मेसेज पुसून टाकू नयेत. त्यांचे स्क्रीनशॉट विश्वासातल्या दुसऱ्या माणसाकडे ठेवावेत.

सर्वांत अवघड भाग मुलांचा. हिंदू अल्पवयीनत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असतो. त्यानंतर मुलाचं हित पाहिलं जातं. भेटीचा हक्क बापाला मिळतो, आणि बऱ्याचदा भेटीचा दिवसच पाळत ठेवण्याचा दिवस ठरतो. मुलाला विचारलं जातं, आई कुठे राहते, मामा किती वाजता घरी येतो, आई कुणाशी फोनवर बोलते. इथे दंडाधिकाऱ्यांना एक स्पष्ट अधिकार आहे: भेट मुलाच्या हिताला बाधक ठरेल असं वाटलं, तर ती त्यांनी नाकारायचीच आहे. सगळी भेट नाकारावी अशी वेळ नसेल तरी अटी मागता येतात. भेट कोर्टाच्या आवारात व्हावी, मूल देणं-घेणं तिसऱ्या माणसामार्फत व्हावं, दोघांच्या येण्याजाण्यात अर्ध्या तासाचं अंतर असावं. आईने मुलाकडून बापाची बातमी काढू नये, हेही त्यासोबतच. दोन्हीकडून निरोप पोचवणाऱ्या मुलाचं पोट दुखू लागतं, ते पुन्हा अंथरूण ओलं करतं, आणि पालक आमच्याकडे जंताचं औषध मागायला येतात.

तिच्या प्रकरणात मनगटाचा केसपेपर उपयोगी पडला. त्यावर सगळं लिहिलं होतं. गळ्याच्या रात्रीबद्दल मी नंतर लेखी जबाब दिला, त्यात माझी नोंद अपुरी होती हेही सांगितलं. त्याचा किती उपयोग झाला माहीत नाही. अंतरिम आदेश मिळाला. अशा आदेशाची प्रत विनामूल्य मिळते. तिने झेरॉक्स काढून एक नव्या शाळेत दिली, एक भावाच्या सोसायटीत, एक जवळच्या पोलीस ठाण्यात, आणि एक पर्समध्ये. शाळेच्या वॉचमनला फोटोही दाखवून ठेवलाय. शाळेत मुलीला आई, मामा आणि मामी याशिवाय कुणाच्याही हवाली करायचं नाही, असं लिहून दिलंय. कोर्टाच्या तारखेला ती आणि भाऊ वेगवेगळ्या वेळी निघतात, दर वेळी रस्ता बदलतात.

गेल्या महिन्यात मुलीच्या खोकल्यासाठी आली होती. निघताना केसपेपर हातात घेऊन तिने आधी वाचला, मग घडी घातली. पुढची तारीख जूनमध्ये आहे.

(तातडीच्या मदतीसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. फोन करताना तो त्याच्या हाती लागणारा नसावा. नाहीतर नंतर कॉलची नोंद पुसावी.)